दलदलीकाठची खुर्ची

स्वस्थ बसणं डासबाईला जन्मात जमलं नव्हतं. फोन आला की ती बोलता बोलता खोलीला फेऱ्या घालायची. बैठकीत पेनाचं टोपण काढ-घाल करून शेजारच्याचं डोकं उठवायची. जेवतानासुद्धा मीठ आण, पाणी आण, खिडकी लाव असं काही ना काही निमित्त काढून दोनदा तरी पानावरून उठायची. अख्ख्या जगात एकच जागा अशी होती जिथे ती बोटसुद्धा न हलवता बसायची, आणि ती म्हणजे दलदलीच्या काठावरची एक निळी प्लास्टिकची खुर्ची. तिथे ती पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, पाय उघडे ठेवायची आणि डासांची वाट बघायची. डास पायावर उतरला, की तो सोंड खुपसायच्या आत काचेच्या नळीने त्याला ओढून घ्यायचं, कुपीत सोडायचं आणि पुढच्याची वाट बघायची. एखाद्या जागी माणसाला किती डास चावायला येतात हे कळायला माणूसच बसवलेला बरा, असं या शास्त्रातल्या लोकांचं म्हणणं आहे. बघणाऱ्याला मात्र हा सगळा वेड्यांचा बाजार वाटतो.

डासबाई हे नाव पलीकडच्या वसाहतीतल्या पोरांनी ठेवलेलं. पुढे ते त्यांच्या आयांनी उचललं, मग दवाखान्यातल्या नर्सने, आणि शेवटी विद्यापीठातल्या शिपायानेही. तिला त्याचं काही वाटत नसे.

वसाहतीत दर वर्षी ताप यायचा. माणूस मरत नसे, पण आठवडाभर फणफणायचा आणि मग महिनोन्‌महिने सांधे धरून बसायचा. या तापाचा छडा लावायला तीन जण एकत्र आले होते. पर्यावरणाची अभ्यासक म्हणून डासबाई, रोग्यांची बाजू बघायला वसाहतीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर, आणि तापामुळे घरांची काय वाताहत होते आणि सरकारने काय करायला हवं हे मांडायला सामाजिक धोरणाच्या प्राध्यापक, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. डास धरायला बसायचं काम डासबाई आणि डॉक्टर दोघांनी वाटून घेतलं होतं. दोघांनाही तो ताप आधीच येऊन गेला होता, त्यामुळे धोका कमी. डासबाई दलदलीकाठी बसायची, डॉक्टर वसाहतीच्या चौकात, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीजवळ. वर्षभर हे चाललं. वर्षाअखेरीस आकडे स्पष्ट होते. चौकात किरकोळ डास, दलदलीकाठी झुंबड. निष्कर्ष एकच निघत होता: दलदल भरून टाका.

डासबाईचं बालपण त्या दलदलीच्या काठी गेलेलं. तिथली पाणकोंबडी, लव्हाळ्यातले बगळे, पाण्यावर सूर मारणारा खंड्या, यांच्याच नादाने ती या शास्त्रात आली होती. आकडे बघून तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पण तिने ते आकडे दाबले नाहीत, त्यांना मुलामा दिला नाही. आपल्या जिवाभावाच्या जागेविरुद्ध आपणच पुरावा दिला, याचा तिला आतल्या आत चांगलाच अभिमान होता. तो अभिमान तिने कुणाला दाखवला नाही इतकंच. अहवाल छापून झाला होता, आणि बुधवारी समितीपुढे तो मांडला की मातीचे ट्रक सुटणार होते.

बुधवारच्या आधीच्या रविवारी ती धाकट्या भावाकडे जेवायला गेली. भाऊ त्याच वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि रहिवासी मंडळाचा सचिव होता. गेल्या वर्षी त्याच्या मुलीला ताप आला होता. पोरीच्या बोटांचे सांधे असे धरले, की कित्येक आठवडे तिला पेन्सिल पकडता येत नव्हती. तेव्हापासून भाऊ गॅलरीत उभा राहून दलदलीकडे बघायचा तो वैऱ्याकडे बघावं तसा.

जेवणं उशिरा झाली. उन्हं कलल्यावर सगळे गॅलरीत कलिंगड खात बसले. भाऊ खुशीत होता.

"ताईला मधे बसवा," तो बायकोला म्हणाला. "ताई मधे असली की आपल्याला एक डास चावायचा नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच," भावजय म्हणाली.

"काहीतरीच काय? लहानपणी आम्ही दोघं एका खोलीत झोपायचो. सकाळी हिच्या अंगभर गांधी उठलेल्या असायच्या, आणि माझ्या अंगावर एक नाही. आई म्हणायची, हिचं रक्त गोड आहे. माझं कडू, म्हणून मी सुटलो."

भाची खिदळत उठली आणि आत्याच्या कुशीला येऊन बसली. "मी आत्याच्या शेजारी बसते. मग मलापण नाही चावणार."

सगळे हसले. डासबाईही हसली, कारण हा विनोद तिने जन्मभर ऐकला होता. मग तिच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली. तिने खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पिंढऱ्यांवर लालसर गांधी उठल्या होत्या. शेजारी भावाचे पाय कोरे होते.

वर्षभर दलदलीकाठी कोण बसलं होतं? हीच. आणि चौकात एकदाही कोण बसलं नव्हतं? तेही हीच. मग दलदलीकाठी जी झुंबड उडाली ती दलदलीची, की हिच्या गोड रक्ताची?

"ताई, काय झालं गं?" भावाने विचारलं.

"काही नाही. काम आठवलं."

"बुधवारी सगळं मार्गी लागतंय आणि अजून कसलं काम? बस की जरा."

पण ती बसेना. चप्पल घालताना डाव्या पायात उजवी गेली. भाची जिन्यापर्यंत पोचवायला आली, तिच्याशीही धड बोलली नाही. बसथांब्यावर तिने बस येताना पाहिली आणि तरी चालायला लागली. चालता चालता तिला एकेक गोष्ट आठवत गेली. बसणारी माणसं आलटून पालटून बसवायची, हा या कामाचा पहिला नियम. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ती हेच शिकवायची, कारण काही माणसांकडे डास जास्त जातात, काहींकडे कमी. मग इतकी वर्षं शिकवलेला नियम स्वतःच्या बाबतीत कसा निसटला? तिला उत्तर सापडलं तेव्हा ती रस्त्यातच थांबली. आकडे आपल्या मनाविरुद्ध आले होते, म्हणून ते खरे वाटले. मनासारखे आले असते तर तिने ते दहा वेळा उलटेसुलटे करून बघितले असते. जे आकडे आपल्याला दुखवतात ते खोटे कसे असतील, असं ती धरून चालली. मोठेपणाच्या नादात ती एवढं शेण खाऊन बसली होती.

सोमवारी सकाळी ती दवाखान्यात हजर झाली. डॉक्टर वयस्कर, अंगाने भक्कम, गुडघ्यांनी पार कामातून गेलेले. त्यांच्या मलमाचा उग्र वास त्यांच्याआधी खोलीत यायचा. रोगी संपेपर्यंत डासबाईने बाहेरच्या बाकावर बसून पाहिलं, मग उभी राहिली, मग भिंतीवरची लसीकरणाची सगळी पत्रकं वाचून काढली. नर्सने तिला शेवटी आत ढकललं.

"डॉक्टर, आपण जागा का नाही बदलल्या?"

"कसल्या जागा?"

"बसायच्या. तुम्ही दलदलीवर, मी चौकात. दर आठवड्याला बदलायचं ठरलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बदलली होती की. दुसऱ्याच आठवड्यात. मी चिखलात आडवा झालो. तुम्हीच हात देऊन उठवलंत, आणि तुम्हीच म्हणालात, राहू द्या डॉक्टर, दलदल मी बघते."

तिला ते आठवलं. तेव्हा किती आनंदाने म्हणाली होती तेही आठवलं. रोज संध्याकाळी दलदलीकाठी बसायला मिळणार म्हणून.

"माझ्याकडे डास जास्त येतात, डॉक्टर."

"कुणी सांगितलं?"

"आईने. मी परकरात होते तेव्हा."

डॉक्टर पोट धरून हसले. "छान. आता हे संदर्भसूचीत घाला." हसता हसता त्यांनी सवयीने टेबलावरची मलमाची नळी उचलली, पँट वर सारली आणि गुडघ्याला मलम चोळायला लागले. डासबाई त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"हे तुम्ही संध्याकाळी बसायच्या आधीही लावता?"

"त्याशिवाय त्या खुर्चीत बसणार कसा? गुडघे काय म्हण..." डॉक्टर थांबले. त्यांनी हळूच स्वतःचा तळवा नाकाजवळ नेला आणि वास घेतला. मग मलमाच्या नळीवरची बारीक अक्षरं वाचली. मग पुन्हा वास घेतला.

एकीकडे डासांना हाक मारणारी बाई बसवलेली, दुसरीकडे त्यांना हाकलून लावणारा माणूस, आणि मधल्या फरकाला दोघांनी शास्त्र म्हणून सही केलेली.

"अहवालात काय लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसणारे दर आठवड्याला बदलले, असं. मॅडमनी मूळ प्रस्तावातून उतरवलं. आपण दोघांनीही वाचलं आणि दोघांनाही वाटलं, बरोबर आहे."

"आई गं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पँट खाली केली.

त्याच संध्याकाळी त्यांनी जागा बदलल्या. डॉक्टरांनी साबणाने दोनदा पाय धुतले आणि मलमाशिवाय, कण्हत-कुथत, काठी टेकत दलदलीवर गेले. डासबाई चौकात टाकीजवळच्या खुर्चीत बसली. टाकीचं झाकण एका कोपऱ्यात तुटलेलं होतं आणि त्यातून कुणीतरी पंपाची नळी आत सोडलेली. पोरं सायकली फिरवत होती. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओलं फडकं झटकलं. तिने पँट दुमडली आणि पाय पुढे केले.

एकही डास आला नाही तर बरं, असं तिला क्षणभर वाटलं. आला नाही तर दलदल दोषी ठरेल, पण ती स्वतः सुटेल. अहवाल खरा, नियम मोडला तरी निष्कर्ष बरोबर, झाकली मूठ. मग तिला स्वतःची लाज वाटली, आणि तेवढ्यात पहिला डास पायावर उतरला. त्याच्यामागून दुसरा, मग दोन एकदम. नळीला उसंत मिळेना. एक कुपी भरून दुसरी उघडावी लागली. दलदलीकाठी तिला जे रोज दिसायचं तेच इथे दिसत होतं, जरा जास्तच.

वेळ संपल्यावर डॉक्टरांचा फोन आला. "अहो, इथे काय सुंदर वारा सुटलाय. तुमची ती जांभळी पाणकोंबडी पिल्लं घेऊन फिरतेय. मी आजवर कधी बघितली नव्हती."

"डास, डॉक्टर. डास किती?"

"तेच सांगतोय. पाणकोंबडी बघायला वेळ मिळाला, यावरूनच समजा."

फोन ठेवून ती चौकाला फेऱ्या घालायला लागली. एका संध्याकाळने काहीही सिद्ध होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वारा असेल, हवा असेल, योगायोग असेल. दलदलीत डास नाहीत असं ती छातीवर हात ठेवून म्हणू शकत नव्हती. पण दलदलीत जास्त आहेत असंही आता म्हणता येत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत भाऊ उभा होता. त्याने हात केला. तिनेही केला, आणि वर न जाता निघून गेली. त्याला आधी सांगायला हवं होतं. फोनवर त्याचं नाव काढून तिने दोनदा परत बंद केलं. भित्री कुठली.

मंगळवारी ती मॅडमकडे गेली. मॅडमच्या खोलीत खुर्च्यांवरसुद्धा कागदांचे गठ्ठे असायचे. वसाहतीतल्या घराघरांत बसून, तापाने कुणाची नोकरी गेली, कुणाची शाळा सुटली, कुणाच्या घरात त्यावरून भांडणं पेटली, हे त्यांनी वर्षानुवर्षं लिहून घेतलं होतं. इतकी वर्षं कुणी त्यांचं ऐकलं नाही. आता कुठे एक समिती ऐकायला बसणार होती. डासबाईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मॅडमनी मधे एकदाही अडवलं नाही.

"एका संध्याकाळचा पुरावा," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमच्या विद्यार्थ्याने असा आणला असता तर तुम्हीच त्याला हाकललं असतं."

"हो. म्हणून तर दलदल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणतेय."

"माहीत नाही यावर धोरण बनत नाही हो. डास टाक्यांत असतील असं म्हटलं, तर उद्या घराघरांत तपासणीला माणसं घुसवावी लागतील. लोक दारं लावून घेतील. समितीला ते नको आहे. दलदलीला दार नाही, आणि मतही नाही. म्हणून ते तयार झालेत." मॅडम हे धूर्तपणे म्हणत नव्हत्या. त्या दमल्या होत्या. "काहीतरी होताना लोकांना दिसू तरी दे. इतकी वर्षं फक्त प्रश्न विचारून त्यांचं डोकं खाल्लं मी."

"आणि भरून टाकल्यावरही पुढच्या वर्षी ताप आला तर?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं-पीं आवाज चालला होता. मॅडमनी उठून खिडकी लावून घेतली.

"तर जन्मात पुन्हा आपलं कुणी ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि दलदलही गेलेली असेल. बसा हो जरा, तुमच्या येरझाऱ्यांनी मला गरगरतंय." डासबाई एका गठ्ठ्याच्या काठावर टेकली. "उद्या काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही. सावरायलाही येणार नाही."

बुधवारी समितीच्या दालनात लांबलचक टेबल, बाटलीबंद पाणी, भिंतीवर पडदा. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते आणि जेवणाच्या आधी सगळं उरकायचं हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. एका बाजूला वसाहतीचे प्रतिनिधी बसले होते, त्यांत भाऊ. त्याने नवा शर्ट घातला होता. बहिणीकडे बघून तो हळूच हसला.

"बोला," अध्यक्ष म्हणाले. "थोडक्यात."

डासबाई उठली. पेनाचं टोपण तिने काढलं, घातलं, काढलं. मग पेन टेबलावर ठेवून दिलं.

"अहवालातला दलदलीचा आकडा वापरू नका," ती म्हणाली. "तो चुकलाय, आणि तो मी चुकवलाय."

मग तिने सांगितलं. कोण कुठे बसलं, का बसलं, जागा बदलायच्या होत्या त्या का नाही बदलल्या, आणि अहवालात बदलल्या असं कसं छापलं गेलं. "वर्षभर मला वाटलं मी दलदल मोजतेय," ती म्हणाली. "मी माझं मलाच मोजत होते."

दालनात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात डॉक्टर टेबलाचा आधार घेत उठले आणि त्यांनी खिशातून मलमाची नळी काढून सगळ्यांना दाखवली. चौकात डास कमी का दिसले त्याचं कारण हे आहे, असं ते शांतपणे म्हणाले. कुणीतरी फुस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. अध्यक्षांनाही हसू आवरेना. सगळे हसले, फक्त भाऊ हसला नाही.

त्याने हात वर केला. "मला एक विचारायचंय. माझ्या मुलीला ताप आला होता. तिला पेन्सिल धरता येत नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे."

तुम्ही. आजवर त्याने तिला कधीही तुम्ही म्हटलं नव्हतं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"तो ताप कुठून आला, हे आज तुम्ही सांगू शकत नाही?"

"नाही."

"वर्षभर बसून?"

"वर्षभर बसून."

भावाने समोरची फाइल मिटली. तो काही वाईट बोलला नाही. नुसता उठला, खुर्ची नीट टेबलाखाली सारली आणि बाहेर गेला. ती खुर्ची सारणंच डासबाईला फार लागलं. त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या आनंदाने खाल्ल्या असत्या.

अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. फेरमोजणी होईपर्यंत सगळंच लांबणीवर टाकू, असं ते म्हणायच्या बेतात होते. पण मॅडम उठल्या, ज्या सावरायला येणार नव्हत्या. फेरमोजणी करूच, त्या म्हणाल्या, पण टाक्यांची तुटकी झाकणं बदलायला कसलाही अहवाल लागत नाही, ते याच आठवड्यात सुरू करा. लोकांनी दारं उघडावीत म्हणून मी स्वतः घरोघर जाईन, माझी ओळख आहे. मग त्यांनी डासबाईकडे न बघता पुढचं वाक्य टाकलं. "आणि या वेळी बसणारे तीन असतील. तिसरी मी. मलाही तो ताप येऊन गेलाय."

वर्षभर बरोबर काम करून ही गोष्ट डासबाईला त्या दिवशी कळली.

मातीचे ट्रक आले नाहीत. झाकणं आली, तीही निम्मी. आणि वसाहतीला डासबाई नकोशी झाली. पोरांनी तिच्या मागे हाका मारणं सोडलं. चौकातल्या बायका तिला बघून खिडक्या लावून घ्यायला लागल्या. डास येतील म्हणून, असं म्हणत. कुणीतरी तिची खुर्ची उचलून कचराकुंडीशी नेऊन ठेवली. ती तिने परत आणली. भावाचा फोन येत नव्हता. ती करायची, भावजय उचलायची, दोन शब्द बोलायची आणि म्हणायची, ते आंघोळीला गेलेत. त्या दिवसांत तिचा भाऊ जगातला सगळ्यात स्वच्छ माणूस झाला होता.

आता कुणी कुठे बसायचं ते रोज चिठ्ठी टाकून ठरत होतं. डॉक्टर मलमाशिवाय कण्हत बसत. मॅडम नळीने डास ओढायला शिकल्या, आणि पहिला डास पकडला तेव्हा लहान मुलीसारख्या हरखल्या. आकडे अजून काहीच ठामपणे सांगत नव्हते. कधी दलदल वर, कधी चौक. ते खरं काय ते सांगेपर्यंत थांबायचं होतं, आणि थांबणं हे तर डासबाईचं जन्माचं दुखणं.

एका संध्याकाळी तिच्या चिठ्ठीत चौक आला. खुर्ची नेमकी भावाच्या गॅलरीखाली. तिने वर पाहिलं नाही. पँट दुमडून कामाला लागली. थोड्या वेळाने जिन्यात चपला वाजल्या आणि भाची एक छोटं स्टूल ओढत चौकात आली.

"आत्या, मी तुझ्या शेजारी बसू?"

डासबाईचा हात स्टूल जवळ ओढायला पुढे झाला. पण मोजणी चालू असताना शेजारी कुणी बसायचं नाही, हा नियम होता. दुसरं माणूस जवळ आलं की आकडा बिघडतो. ज्या नियमापायी भाऊ दुरावला होता त्याच्याच जोडीचा हा दुसरा नियम.

"आत्ता नाही, पिल्लू. मी कामावर आहे. ते काम संपू दे."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती स्टूल ओढत परत जिन्यापाशी गेली आणि पायरीवर हनुवटी टेकून बसली. वर गॅलरीचं दार वाजलं. कुणीतरी बाहेर येऊन उभं होतं. डासबाईने नळीवरून नजर हटवली नाही.

वेळ संपली. तिने कुप्यांना बुचं लावली, त्यांवर जागा आणि तारीख लिहिली, पेटीत नीट बसवल्या, पेटी बंद केली. एरवी या क्षणी ती खुर्चीतून उसळून उठायची. आज उठली नाही.

"पिल्लू," तिने हाक मारली. "ये आता."

भाची धावत आली आणि स्टूल खुर्चीला चिकटवून बसली. अंधारून यायला लागलं होतं. डासबाईच्या पायांवर डास उतरत होते. आता त्यांना मोजायचं नव्हतं, म्हणून ती नुसता हात फिरवत होती. पोरीने स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले.

"आत्या, मला एकही नाही चावला."

"नाही ना? मग झालं तर."

जिन्यात पुन्हा पावलं वाजली, या वेळी जड. भाऊ स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची उचलून खाली आला होता. त्याने ती बहिणीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली, नीट टेकते का ते हलवून बघितलं आणि बसला. बराच वेळ तो टाकीच्या नव्या झाकणाकडे बघत होता.

"हल्ली मलाही चावतात," शेवटी तो म्हणाला.

डासबाईने त्याच्या पायांकडे पाहिलं. ते लहानपणी होते तसेच कोरे होते. दुमडलेली पँट तिने खाली केली नाही, आणि त्या दोघांच्या मधे ती अजिबात न हलता बसून राहिली.